फिट्स कमी झाल्या पण काही हवंसंच वाटेना: सदाशिव पेठेतल्या मेसवाल्या काकूंची केस

सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या एका काकूंची ही केस आहे. वय ४६, एपिलेप्सी म्हणजे फिट्सचा आजार लहानपणापासून, फोकस, म्हणजे फिट जिथून सुरू होते ती जागा, डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात. काकूंना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, माझ्याकडे लोक शक्यतो न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन येतात, आणि काकूंच्या चिठ्ठीवर एवढंच होतं की फिट्स खूप कमी झाल्यात, मूड बघा. हे लिहिलं गेलं ही सुद्धा मोठी गोष्ट आहे. कारण गर्दीच्या ओपीडीत फिट किती आल्या, गोळी चुकली का, झोप होते का, एवढ्यावर वेळ संपतो, पेशंटला काही आवडतंय का हे विचारायचं राहून जातं आणि पेशंट पण आपणहून सांगत नाही, कारण हे आजारात धरायचं असतं हेच त्याला माहीत नसतं.

काका बरोबर आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले, "मॅडम, फिट्सचं म्हणाल तर देवदयेने बरंच बरंय, पण हिला आता कशाचं काही वाटतच नाही हो. पोरीला हिंजवडीत नोकरी लागली, पेढे मी आणले, ही म्हणाली ठेवा तिथे." काकू शेजारी बसून ऐकत होत्या. रडवेल्या नव्हत्या, चिडलेल्या पण नव्हत्या त्या क्षणी. "काम करते की मी सगळं," एवढंच म्हणाल्या. आणि ते शंभर टक्के खरं होतं. पहाटे पाचला उठून कणीक, मग भाजी निवडणं, मग शास्त्री रोडच्या क्लासेसना जाणारी एमपीएससीची पोरं दोन्ही वेळ जेवायला, रविवारी दुपारी फीस्ट, यातलं एकही काम बंद पडलं नव्हतं. म्हणून तर घरात कोणाला हे डिप्रेशन वाटलं नाही. नणंद म्हणाली वयाचं आहे, सासूबाई म्हणाल्या तोऱ्यात वागते, काकांना वाटलं आपल्यावर राग आहे.

मी विचारलं, आमटीची चव बघता का अजून. काकूंनी हात पुढे करून दाखवलं, पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा आणि जिभेला लावायचा. "मीठ कळतं, चिंच जास्त झाली ते कळतं, गोडा मसाला जुना असला तरी कळतं. पण पूर्वी चव जमली की मी तिथेच हसायचे, पोरं यायची कधी वाट बघायचे. आता कळतं जमलंय म्हणून, आणि मी झाकण ठेवते."

माझ्यासाठी इथेच केस उलगडायला लागली. जीभ शाबूत आहे, पारख शाबूत आहे, काम शाबूत आहे. मग गेलंय ते नक्की काय?

आधी इतिहास. दीड वर्षाच्या असताना खूप ताप येऊन फिट आली होती, बराच वेळ थांबली नव्हती, गावाकडून दवाखान्यात नेईपर्यंत चालूच. मग सगळं शांत. चौदाव्या वर्षी पुन्हा सुरू. पोटातून काहीतरी वर चढतं, हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं, मग काकू एकटक बघत राहतात, ओठ चाटल्यासारखी हालचाल, उजवीकडचा पदर चिमटीत धरून चाळवत राहतात, दीड दोन मिनिटं. त्यांना स्वतःला काही आठवत नाही. लहानपणी कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, अंगारे झाले. लग्न ठरवताना सासरी सांगितलं नव्हतं आणि पुढे कळलं तेव्हा घरात जे झालं ते काकू आजही खालच्या आवाजात सांगतात. वारंवार फिट येणं ही लग्नाच्या आड येणारी अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकलीय, पण घरोघरी ते अजून पोचलेलं नाही आणि मुली अजून लपवतात.

एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधला आठवणी साठवणारा भाग, आक्रसलेला, चट्टा पडल्यासारखा, म्हणजे हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस. लहानपणी तापात लांबलेली फिट आणि पुढे असा चट्टा ही जोडी टेम्पोरल लोब एपिलेप्सीत बऱ्याच वेळा दिसते. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध वर्षानुवर्षं चालू होतं, तरी महिन्याला चार पाच फिट्स यायच्या. दीड वर्षापूर्वी कढईत तेल तापत असताना फिट आली, नशिबाने मदतीला असलेल्या मावशींनी गॅस बंद केला, आणि त्यानंतर लेव्हेटिरासिटाम हे दुसरं औषध सुरू झालं, डोस वाढवत नेला. फिट्स दोन महिन्यांतून एक इतक्यावर आल्या. पण त्याच सुमाराला चिडचिड वाढली आणि काका म्हणतात ते "काही वाटतच नाही" पण तेव्हापासूनचंच. म्हणजे सरळ औषधावर ढकलून मोकळं व्हावं असं वाटेल. मी थांबले, कारण काकूंनी अजून एक गोष्ट सांगितली: फिटच्या दुसऱ्या दिवशी असं व्हायचंच, अगदी कॉलेजात असल्यापासून, एक दिवस सगळं सपाट आणि मग आपोआप परत. फरक एवढाच की आता ते परत येणंच बंद झालं होतं.

एपिलेप्सीतलं डिप्रेशन पकडायला सहा वाक्यांची एक छोटी प्रश्नावली आहे, २००६ मध्ये आलेली, जगभर वापरतात. सहापैकी एक वाक्य आनंद मिळणं अवघड जातंय याबद्दल. प्रत्येक वाक्याला एक ते चार मार्क, आणि बेरीज पंधराच्या वर गेली की डिप्रेशनचा विचार करायचा. काकूंची बेरीज तेरा. आनंदाच्या वाक्याला चारपैकी चार, बाकीच्यांना एक, दोन, तीन. म्हणजे नुसती बेरीज बघितली असती तर काकू नॉर्मल म्हणून घरी गेल्या असत्या! मेलेलं बरं या वाक्याला त्यांनी एक दिला होता, तरी मी तोंडाने पुन्हा विचारलं, सगळ्यांनाच विचारते, कारण एपिलेप्सी असलेल्या लोकांत आत्महत्येचा धोका साधारण तिप्पट आहे हे डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात दिसलंय आणि हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसले विचार शिरत नाहीत. काकू म्हणाल्या, "नाही हो मॅडम, पोरांचं जेवण कोण बघेल." काकांना तरी सरकारी टेलीमानसचा १४४१६ नंबर लिहून दिला, फ्रीजवर लावा म्हटलं.

आनंद जातो हे वाक्य फार ढोबळ आहे. त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत: एखादी गोष्ट हवीशी वाटणं, ती मिळाल्यावर आवडणं, आणि आवडली होती हे पुढच्या वेळेसाठी मनात साठणं. तिन्ही बिघडू शकतात, वेगवेगळ्या पण बिघडू शकतात. माझं ठाम मत आहे की एपिलेप्सीच्या पेशंटमध्ये हे तीन वेगळे काढल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण उपाय त्यावर ठरतो.

काकूंना वही दिली तर त्या हिशेबाची करून टाकतील, म्हणून भिंतीवरचं कालनिर्णयच वापरलं. त्यात फिटच्या दिवशी लाल पेनाने फुली त्या आधीपासूनच करायच्या. आता रोज एका गोष्टीपुढे दोन आकडे लिहायचे, करायच्या आधी किती हवंसं वाटतंय आणि करताना प्रत्यक्षात किती बरं वाटलं, दहापैकी. संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालणं, भजनी मंडळात जाणं, मुलीशी फोन, फीस्टचा मेनू ठरवणं, असल्या साध्या गोष्टी.

महिन्याभराने कालनिर्णय घेऊन आल्या, गुंडाळी करून रबर लावून. आधीचा आकडा जवळजवळ सगळीकडे एक नाहीतर दोन. करतानाचा आकडा पाच, सहा, एकदा तर सात, मुलगी अचानक रविवारी आली होती तेव्हा. मी ते आकडे बोटाने दाखवले आणि काकूंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, "म्हणजे मला आवडतंय?" हो, आवडतंय. हवंसं वाटत नाहीये. आणि महिन्यात एक लाल फुली होती, तिच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे शून्य, आधीचा पण आणि करतानाचा पण.

हे दोन वेगळे पॅटर्न आहेत आणि मेंदूत त्यांची कारणं पण वेगळी असू शकतात, आता तेच जरा खोलात सांगते.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत ओल्ड्स आणि मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि उंदराने खटका दाबला की तिथे हलका करंट जायचा, तर काही जागी तार असलेले उंदीर पुन्हा पुन्हा खटका दाबत राहिले. तेव्हापासून मेंदूत आनंदाचं केंद्र आहे असं लोक म्हणायला लागले आणि पुढे डोपामिनला आनंदाचं रसायन हे नाव पडलं. ते आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. पण मिशिगनच्या केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून जे दाखवलं त्याने चित्र बदललं: डोपामिन जवळजवळ संपवून टाकलेल्या उंदराच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर तो जीभ बाहेर काढून, ओठ चाटून आवडल्याचं दाखवतोच, पण स्वतः उठून खायला जात नाही, समोर अन्न असून उपाशी राहतो. म्हणजे डोपामिन हे मुख्यतः हवंसं वाटण्याचं, त्यासाठी हातपाय हलवण्याचं. आवडण्याचं काम मेंदूतली अफूसारखी रसायनं, म्हणजे ओपिऑइड्स, आणि गांजासारखी एंडोकॅनाबिनॉइड्स करतात, अगदी छोट्या छोट्या जागांमध्ये.

काकूंचा कालनिर्णय त्या उंदराशी मला बराच जुळताना दिसला.

आता टेम्पोरल लोबचा यात संबंध काय. काका भाजीसाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात म्हणून त्यांना तसंच समजावलं: मेंदूच्या खोल भागात न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स नावाची जागा आहे, यार्डासारखी, तिथे सगळीकडून माल येतो आणि भाव तिथे ठरतो. हिप्पोकॅम्पसकडून येतं ते मागच्या वेळी कुठे काय चांगलं घडलं याची आठवण, अमिग्डालाकडून येतं याचं मला महत्त्व किती, कपाळामागच्या फ्रंटल भागाकडून येतं याच्यासाठी खटपट करायची का, आणि खालून मिडब्रेनमधून डोपामिन येतं जे भाव चढवतं. काकूंच्या डाव्या बाजूला यातल्या पहिल्याच पुरवठादाराला चट्टा पडलाय आणि अमिग्डाला त्याला अगदी खेटून आहे. प्राण्यांमधल्या प्रयोगात असंही दिसलंय की हिप्पोकॅम्पसचा खालचा भाग हा मिडब्रेनमधल्या किती डोपामिन पेशी जाग्या राहतील हे ठरवण्यात हात घालतो. त्यामुळे तिथली गडबड ही तिथेच राहत नाही.

दुसरं म्हणजे फिट नसताना सुद्धा तो भाग शांत नसतो. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, मधूनमधून स्पाइक्स, म्हणजे विजेचे टोकदार झटके, दिसतात, आणि पीईटी स्कॅन केला तर टेम्पोरल लोबमध्ये साखरेचा वापर कमी दिसतो, तो थंडपणा बऱ्याच वेळा फोकसच्या बाहेर पसरलेला असतो, आणि डिप्रेशन असलेल्या पेशंटमध्ये तो फ्रंटल लोबच्या खालच्या भागात पण दिसलाय. सेरोटोनिन या मेंदूतल्या अजून एका रसायनाचा १ए नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ते रसायन पकडणारी जागा, फोकसच्या बाजूला कमी सापडतो, डिप्रेशन असेल तर जास्तच कमी. डोपामिनच्या डी२/डी३ रिसेप्टरबद्दल पण हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसच्या पेशंटमध्ये फोकसच्या बाजूच्या टेम्पोरल लोबमध्ये घट दिसलीय. एकाच जागी एक स्विच बंद, असा हा प्रकार नाहीच.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो उंदरांचाच एक प्रयोग. मझाराती हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उंदरांत टेम्पोरल लोब एपिलेप्सी तयार केली आणि त्यांच्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या, साधं पाणी आणि सॅकरिनचं गोड पाणी. निरोगी उंदीर गोडाकडे जातो. एपिलेप्सीवाल्यांची गोडाची आवड गेली होती. त्या उंदरांना कोणी चप्पल हुंगवली नव्हती, त्यांचं लग्न मोडलं नव्हतं, कोणी टोमणे मारले नव्हते. तरी गोड नकोसं झालं. पुढच्या कामात या ग्रुपने हिप्पोकॅम्पसमधली सूज, इंटरल्यूकिन वन बीटा नावाचा सूजेचा रेणू, आणि त्यामुळे सेरोटोनिनच्या पेशींवर येणारा लगाम, हा एक रस्ता दाखवला. घरी जेव्हा लोक म्हणतात की एवढा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच, तेव्हा मी हा प्रयोग सांगते. खचणं असतंच, भीती असते, एकट्याने गॅसपाशी उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, या सगळ्याने आयुष्य आक्रसतं आणि आवडीच्या गोष्टी वाट्यालाच कमी येतात. पण त्याच्या खाली मेंदूतला थर असतो आणि तो फक्त धीर देऊन उठत नाही.

अजून एक उंदरांची जात आहे, डब्ल्यूएजी रिज, जन्मतःच अ‍ॅबसेन्स फिट्स, म्हणजे काही सेकंद भान हरपणाऱ्या फिट्स, असणारी. त्यांच्यात पण गोड कमी पिणं, अ‍ॅक्युम्बेन्समध्ये डोपामिन कमी, असं सापडलंय, आणि लहान वयातच एथोसक्सिमाइड हे फिटचं औषध देऊन फिट्स दाबल्या तर मोठेपणी ही उदासी पण कमी दिसते. म्हणजे दोन्ही एकाच मुळातून येत असावेत असं मानायला जागा आहे.

फिटच्या दुसऱ्या दिवसाचे शून्य शून्य मात्र वेगळे. फिट थांबवताना मेंदू स्वतःच जोरात ब्रेक लावतो, त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन असतं, मेंदूतली ओपिऑइड्स सुटतात, आणि फिटनंतरच्या काही तासांत टेम्पोरल भागात ओपिऑइड रिसेप्टर्सची उपलब्धता वाढलेली पीईटीवर दिसलीय. आवडण्याचं काम ज्या रसायनांचं, तीच यात ढवळून निघतात. औषधाला दाद न देणाऱ्या एपिलेप्सीत फिटनंतर दिवसभर टिकणारी अशी उदासी पुष्कळ जणांना येते. काकू कॉलेजात असताना हे अनुभवत होत्या आणि घरचे म्हणायचे फिट आल्याची लाज वाटते म्हणून गप्प बसते.

उलटं पण होतं हे इथेच सांगून टाकते. फार थोड्या लोकांना फिटच्या सुरुवातीला काही सेकंद प्रचंड आनंद होतो, सगळं स्पष्ट झाल्यासारखं, आणि तो इन्सुला नावाच्या मेंदूतल्या जागेच्या पुढच्या भागाशी जोडलेला आहे, तिथे तारेने करंट दिल्यावर तशीच भावना आलेल्या पेशंटची नोंद आहे. फिट आणि आनंद हे मेंदूत किती जवळजवळ राहतात ते यावरून कळावं.

आणि तिसरा थर औषधाचा. लेव्हेटिरासिटाम चांगलं औषध आहे, फिट्सवर छान चालतं, पण काही लोकांना त्याने चिडचिड, राग, उदासी येते. टोपिरामेट, फिनोबार्बिटोन, व्हिगाबॅट्रिन, पेरांपॅनेल यांच्याबद्दल पण मूडची काळजी घ्यावी लागते. लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन ही त्या मानाने मूडला सांभाळून घेणारी. काकूंच्या आईला डिप्रेशन होतं असं दुसऱ्या भेटीत कळलं, आणि घरात किंवा स्वतःला आधी असं काही असेल तर लेव्हेटिरासिटामचा हा त्रास व्हायची शक्यता जास्त. हा प्रश्न औषध सुरू करतानाच विचारायला हवा. इथे जाड अक्षरात लिहिते की कोणीही हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका, अचानक बंद केली तर एकामागून एक फिट्स येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

न्यूरॉलॉजिस्टना मी कालनिर्णयचे फोटो पाठवले आणि फोनवर बोललो. त्यांनी लेव्हेटिरासिटाम हळूहळू उतरवत लॅमोट्रिजिन हळूहळू चढवायचं ठरवलं. लॅमोट्रिजिनला घाई चालत नाही, अंगावर गंभीर पुरळ यायचा धोका असतो, म्हणून आठवड्या आठवड्याने. तोवर काकूंनी गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, मावशींना जास्त तास बोलवायचं. सोबत बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम तपासलं, कार्बामाझेपिनने सोडियम उतरतं आणि त्यानेही माणूस मरगळतो. सोडियम ठीक निघालं, बी१२ बरंच कमी, त्याची इंजेक्शनं झाली.

सायकिअ‍ॅट्रिस्टनी सर्ट्रालिन लहान डोसने सुरू करायचं म्हटल्यावर काका अडले. "मानसिक गोळ्यांनी फिट वाढते म्हणतात." हे मी इतक्या लोकांकडून ऐकते, डॉक्टरांकडून पण. डिप्रेशनच्या औषधांच्या चाचण्यांचा एफडीए या अमेरिकेतल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेकडचा डेटा २००७ मध्ये तपासला गेला, त्यात एसएसआरआय, म्हणजे सर्ट्रालिनच्या गटातली औषधं, घेणाऱ्यांत फिट्सचं प्रमाण प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमीच निघालं. सांभाळून राहायचं ते ब्युप्रोपिऑन आणि क्लोमिप्रामिनसारख्या थोड्या औषधांपासून. ब्युप्रोपिऑनचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ते डोपामिनवर काम करतं म्हणून आनंद गेलाय म्हटलं की पहिलं तेच सुचतं, आणि फिट्स असलेल्या माणसाला तेच टाळायचं असतं. सर्ट्रालिनचा डोस आम्ही मुद्दाम कमी ठेवला, एसएसआरआयने पण काही जणांच्या भावना बोथट होतात आणि इथे आधीच बोथटपणाची तक्रार होती.

माझं काम हवंसं वाटण्यावर आणि साठवण्यावर होतं. काकूंना सांगितलं की वाटेल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, कारण वाटायचा भागच सध्या मंद आहे, पण केलं की आवडतं हे तुमच्याच आकड्यांत आहे. म्हणून वेळ ठरवून जायचं, मंगळवारी भजनी मंडळ, मन काहीही म्हणो. दुसरी अडचण अशी की डाव्या हिप्पोकॅम्पसच्या त्रासात शब्दांची, बोलण्याची आठवण कमी राहते आणि काकूंना सोमवारी विचारलं तर रविवारची फीस्ट कशी झाली हे नीट सांगता यायचं नाही. चांगलं घडतं आणि राहत नाही! मग पुढच्या वेळी कशाच्या जोरावर हवंसं वाटणार? यावर मुलीने युक्ती काढली. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त काकूंचा एक ग्रुप करून दिला, काही बरं वाटलं की तिथल्या तिथे फोटो आणि वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज स्वतःलाच. आणि पुढच्या मंगळवारी निघायच्या आधी तो ऐकायचा. एक मेसेज त्यांनी मला ऐकवला: मागे पोरांचा गलका, ताटं वाजतायत आणि काकू म्हणतायत, "मसालेभात संपला, तो लातूरचा पोरगा तिसऱ्यांदा वाढून घेतोय, बरं वाटतंय, खरंच बरं वाटतंय." स्वतःचा आवाज ऐकताना त्या जरा हसल्या.

घरच्यांबरोबर एक बैठक घेतली, सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. गोड पाण्याच्या उंदरांची गोष्ट त्यांना सांगितली. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे ती मुद्दाम करत नव्हती." नव्हतीच.

चिडचिड सगळ्यात आधी गेली, लेव्हेटिरासिटाम बंद झाल्यावर काही आठवड्यांतच. करतानाचे आकडे सात आठवर गेले. आधीचा आकडा, म्हणजे हवंसं वाटण्याचा, तो मात्र कूर्मगतीने, दोनवरून तीन, तीनवरून चार. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा काकू दरवर्षी नाना पेठेत वारकऱ्यांसाठी पिठलं भाकरी घेऊन जातात. आदल्या वर्षी पण नेली होती, पण वाढताना कोणाच्या तरी दुसऱ्याच्या हातांकडे बघतोय असं वाटलं होतं म्हणाल्या. यंदा पिठाचा हिशेब चार दिवस आधीच काढून ठेवला होता, कोणी न सांगता. त्या दिवसापुढे कालनिर्णयात आधी सहा, करताना नऊ. मला यातला सहा जास्त मोलाचा वाटतो.

सगळं सुटलेलं नाही. भजनातला आनंद अजून परतलेला नाही, काकू जातात, टाळ धरतात, आकडा तीनच्या वर जात नाही. गाण्यातला आनंद हा ऐकण्याचा टेम्पोरल भाग आणि अ‍ॅक्युम्बेन्स यांच्यातल्या जोडणीवर बराच टेकलेला असतो, आणि बाकी सगळ्यात आनंद होणाऱ्या पण गाण्याने काहीच न होणाऱ्या धडधाकट माणसांत हीच जोडणी कमी काम करताना दिसलीय. काकूंच्यात तेच आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण मंडळात बसून मन लागत नाही म्हणून त्यांनी स्वतःला दोष द्यायचं कारण नाही, एवढं त्यांना स्पष्ट सांगितलंय. आणि गणपतीत रात्री उशिरापर्यंत ढोल ताशे, झोप मोडली, लागोपाठ दोन फिट्स आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य शून्य. यावेळी काकांनी त्या दिवशी कोणाला काही बोलू दिलं नाही, मेसला सुट्टी टाकली, आणि तिसऱ्या दिवशी आकडे परत चार आणि सात.

फिट्स अजून येतात म्हटल्यावर ऑपरेशनचा विषय निघालाय. दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट्स थांबत नसतील तर एपिलेप्सी सर्जरीसाठी तपासणी करून घ्यायलाच हवी, आणि हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसमध्ये त्याचा उपयोग चांगला होतो. २००१ मध्ये छापून आलेल्या कॅनडातल्या चाचणीत एका वर्षाने भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त असलेले पेशंट ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते आणि नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. काकूंना मी मूडचं पण सांगितलंय, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा मूड सुधारतो पण पहिल्या काही महिन्यांत काहींना नव्याने डिप्रेशन येतं, आधी त्रास असलेल्यांना जास्त, म्हणून तेव्हा कालनिर्णय चालूच ठेवायचं. डावी बाजू असल्यामुळे भाषा आणि शब्दांच्या स्मरणाची सविस्तर टेस्टिंग मी करणार आहे. व्हिडिओ ईईजीसाठी काही दिवस अ‍ॅडमिट राहावं लागतं, मेस बंद ठेवणं काकूंना जमणार नव्हतं, त्यामुळे दिवाळीत पोरं गावाला गेली की भाऊबीज झाल्यावर अ‍ॅडमिट व्हायचं असं ठरलंय.